गराजच्या दाराखाली मांजर सापडता सापडता वाचलं. सेन्सर असूनही असं का झालं?

ठमीची_आई (प्लेनो, टेक्सास)

नमस्कार मंडळी. गुरुवारपासून धड झोप नाही, म्हणून शेवटी इथे लिहायला बसले. लिहिणं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमकं उत्तर देता येणार नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. इथल्या बऱ्याच जुन्या घरांचं गराज रस्त्याकडे नसतं, घराच्या मागच्या बोळात, म्हणजे अ‍ॅलीत उघडतं. पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी आणि दिवाळीच्या रांगोळीसाठी. आमची रोजची सगळी ये-जा गराजमधून. आमचं दार पश्चिमेला तोंड करून आहे, दोन गाड्यांच्या रुंदीचं, पत्र्याचं. घर १९९८ चं आणि दाराची मोटरही बहुतेक तेव्हाचीच. आम्ही घर घेतलं तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

ठमी आमची मांजर. चार वर्षांची, नऊ पौंडांची, पट्ट्यापट्ट्यांची. ती घरातच राहते, पण गराज तिला घराचाच भाग वाटतं. संध्याकाळी दार उघडं असलं की ती नेमकी उंबरठ्यावर जाऊन आडवी होते. दुपारभर तापलेलं काँक्रीट तिच्या पोटाला बरं वाटत असणार. माझी आई सध्या वाईहून सहा महिन्यांसाठी आली आहे. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "तिन्हीसांजेला उंबरठ्यावर कुणी बसू नये, मांजरानंही नाही." मी ते नुसतं ऐकून घेतलं.

गुरुवारी सव्वासहाच्या सुमाराला मी ऑफिसातून आले. गाडी आत घेतली, मागच्या सीटवरच्या भाजीच्या पिशव्या उचलल्या, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले आणि भिंतीवरचं बटण दाबलं. आमच्याकडे संध्याकाळी एक त्रास आहे. ऊन समोरून येतं तेव्हा दार जरा खाली येतं आणि परत वर जातं, मोटरवरचा दिवा लुकलुकतो. बटण दाबून धरून ठेवलं की मात्र व्यवस्थित बंद होतं. गेली दोन-तीन वर्षं आम्ही घरातले सगळे संध्याकाळी तसंच करतो. त्या दिवशीही मी बटण दाबून धरलं. माझ्या आणि दाराच्या मध्ये गाडी होती, त्यामुळे उंबरठा दिसत नव्हता.

आई बाहेर पुदिन्याच्या कुंडीला पाणी घालत होती. ती ओरडली, "अगं ठमी! ठमी आहे खाली!" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा हात आपोआप सुटला, दार थांबलं आणि वर गेलं. ठमी तीरासारखी गाडीखाली शिरली आणि चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. आई सांगते की दाराची रबरी पट्टी तिच्या कमरेवर टेकली होती आणि तिची पाठ दबलेली आईने पाहिली.

त्याच रात्री इमर्जन्सी व्हेटकडे नेलं. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही. मुका मार आहे म्हणाले, औषध दिलं, घरी पाठवलं. ती खाते आहे, पण ओट्यावर उडी मारत नाही.

आता माझे प्रश्न. दाराच्या दोन्ही बाजूंना सेन्सर आहेत आणि ते चालतात, मी झाडूचा दांडा आडवा धरून पाहिलं आहे. मग ठमी त्यांना दिसली कशी नाही? हे नवीन मोटर घेऊन सुटेल का? आणि ज्यांच्याकडे मांजर किंवा लहान कुत्रं आहे ते नक्की काय करतात? मला कुणी बोललं तरी चालेल, चूक माझीच आहे. पण पुन्हा असं व्हायला नको आहे.

---

एडिसनचे_नाना (न्यू जर्सी)

ताई, आधी मांजर वाचलं याचा आनंद. मी तीस वर्षं कंट्रोल्सचं काम करतो, त्यातली बरीच वर्षं यंत्रापाशी माणसाचा हात सापडू नये याच विषयात गेली. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: "बटण दाबून धरून ठेवलं की मात्र व्यवस्थित बंद होतं." भिंतीवरचं बटण दाबून धरणं म्हणजे मोटरला सांगणं, "सेन्सर काय म्हणतो ते ऐकू नकोस, मी इथे उभा राहून पाहतो आहे." ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. सेन्सर बिघडला तर घर रात्रभर उघडं राहू नये म्हणून. पण तिच्यामागची अट ही, की बटण धरणाऱ्याला दार पूर्ण दिसलं पाहिजे. बोट उचललं की दार उलटं फिरतं, तेही त्याच अटीचा भाग. तुमच्या आईंनी हाक मारली, तुमचं बोट सुटलं, आणि ठमी वाचली ती त्यामुळे. सेन्सरचा त्यात काहीच वाटा नव्हता.

आता सेन्सर संध्याकाळी का रुसतो, ते पाहू. दोन डोळ्यांपैकी एक किरण सोडतो आणि दुसरा तो पाहतो. किरण इन्फ्रारेड असतो, आणि उन्हातही तेच भरपूर असतं. मावळतीचं तिरपं ऊन थेट पाहणाऱ्या डोळ्यात शिरलं की त्याला समोरचा किरण ओळखू येत नाही. "काहीतरी आडवं आलं" असं समजून तो दार वर पाठवतो. म्हणजे तुमचा सेन्सर बिघडलेला नाही, त्याचे डोळे दिपतात. संध्याकाळी सहाला वाकून पाहा. बऱ्याच मेकमध्ये सोडणाऱ्या डोळ्यावर पिवळसर दिवा असतो आणि पाहणाऱ्यावर हिरवा. हिरवा विझलेला किंवा फडफडताना दिसेल.

यावर उपाय स्वस्त आहे. पाहणारा डोळा सावलीच्या बाजूला घ्यायचा, म्हणजे दोघांची अदलाबदल करायची. पण सूर्य उन्हाळ्यात एका बाजूने मावळतो आणि हिवाळ्यात दुसऱ्या बाजूने, त्यामुळे पश्चिमेच्या दाराला नुसत्या अदलाबदलीने वर्षभर भागत नाही. त्या डोळ्यावर पुढे दोन-तीन इंच येईल असा काळ्या नळीचा तुकडा टोपीसारखा बसवा. पीव्हीसीचा चालतो, आतून काळा रंग द्या. मग बटण दाबून धरायची वेळच येणार नाही. घरातल्या सगळ्यांची ती सवय आजपासून बंद करा. माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं.

तरीही, त्या दिवशी सेन्सर पूर्ण शुद्धीवर असता तर ठमी दिसली असती का? बहुतेक नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती मोटरला असा सेन्सर किंवा दाराच्या कडेला दाबपट्टी असणं कायद्याने बंधनकारक आहे. दाराखाली लहान मुलं सापडून मेली, त्यानंतर हा नियम आला. साहजिकच तो मुलाच्या मापाने केला आहे. किरण जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर असू नये असं सांगतात, कारण रांगणारं मूल त्यात अडतं. पण नऊ पौंडांचं मांजर कुशीवर पसरलं की त्याची उंची चार-पाच इंच भरते. किरण त्याच्या अंगावरून जातो.

शिवाय तो किरण म्हणजे फक्त एक दोरा आहे. तो दाराच्या बरोबर खाली नसतो, रुळाला लावलेला असल्यामुळे दोन-चार इंच आतल्या अंगाला असतो. तुमची ठमी उंबरठ्याच्या नेमक्या रेषेवर किंवा जराशी बाहेर झोपली असेल, तर ती उभी असती तरी किरणात आली नसती. तुम्ही झाडूचा दांडा धरलात तो किरणातच धरलात. आता तोच दांडा बरोबर रबरी पट्टीच्या खाली आडवा ठेवून पाहा.

म्हणून दुसरी फळी महत्त्वाची: दार कशाला टेकलं की आपण होऊन उलटं फिरणं. एक इंच उंचीच्या अडथळ्यावर आपटल्यावर दोन सेकंदांच्या आत ते मागे फिरलं पाहिजे, असा नियम आहे. तपासायची रीत सोपी आहे. होम सेंटरमधून टू-बाय-फोरचा लाकडी तुकडा आणा, दाराच्या मधोमध उंबरठ्यावर आडवा, सपाट ठेवा (जाडी दीड इंच भरते), रिमोटने दार बंद करा आणि लांब उभे राहा. लाकडाला टेकताच दार वर गेलं तर ठीक. दाबत राहिलं किंवा थांबून तिथेच बसलं, तर मोटरचा जोर गरजेपेक्षा जास्त लावलेला आहे किंवा मोटर थकली आहे. ही तपासणी दर महिन्याला करायची असते. मी पहिल्या शनिवारी करतो.

एक गोष्ट मात्र स्वतः करू नका: दाराच्या वरची स्प्रिंग. दीडशे-दोनशे पौंडांचं दार तिच्या ताणावर तोललेलं असतं. तिला पाना लावायचा तो फक्त शिकलेल्या माणसाने.

आणि देव न करो, पण पुन्हा कधी जनावर अडकलंच तर आधी बटण, म्हणजे दार वर. वीज नसेल किंवा मोटर हलत नसेल तर एकाने दाराची कड दोन्ही हातांनी घट्ट उचलून धरायची आणि मगच दुसऱ्याने दार मोटरपासून सोडवणारी वरची लाल दोरी ओढायची. २०२१ च्या फेब्रुवारीत तुमच्या टेक्सासात दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा ही लाल दोरी कशासाठी असते ते अनेकांना पहिल्यांदा कळलं. आईंनाही दाखवून ठेवा. दार अर्धं उघडं आणि स्प्रिंग तुटलेली असताना नुसती दोरी ओढली तर सगळं वजन एकदम खाली येतं, हेही सांगा.

---

पशुवैद्य_करवीर (कोल्हापूर)

मी शिरवळच्या कॉलेजमधून शिकलो, म्हणजे तुमच्या साताऱ्याचाच म्हणा. अठरा वर्षं कोल्हापुरात लहान जनावरांची प्रॅक्टिस आहे. इथे गराजची दारं कमी, पण शटरखाली, लिफ्टच्या दारात, सरकत्या गेटमध्ये दबलेली मांजरं वर्षातून काही येतातच. तुम्ही लगेच नेलंत ते उत्तम केलंत. पण अजून चार-पाच दिवस लक्ष ठेवा.

मांजर दुखणं लपवतं. दबल्यावर हाड शाबूत असलं तरी आत तीन ठिकाणी गडबड असू शकते. पहिली छातीत: फुप्फुसाला मार, किंवा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटणं. ती गाढ झोपलेली असताना श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या आत असावेत. चाळीसच्या वर जात असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर रात्र बघू नका, दिवस बघू नका, उचला आणि न्या. दुसरी मूत्राशयात. तिसरी शेपटीच्या मुळाशी. घाबरलेलं मांजर पुढे ओढ घेतं आणि शेपूट मागे अडकलेली असते, त्यात तिथल्या नसा ताणल्या जातात. अशा मांजराला लघवी होत नाही, किंवा तिला न कळता गळत राहते.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: गुरुवारनंतर ती लघवी करते आहे का, आणि किती? लिटर बॉक्समध्ये, म्हणजे तिच्या शी-शूच्या डब्यात, लघवीने मातीचे गोळे होतात ते मोजा. शेपूट उचलते का? मागच्या पायांचे तळवे हाताला पुढच्यांइतकेच गरम लागतात का? कमरेवर दाब आला की कधी कधी मागच्या पायांचा रक्तपुरवठा अडतो. पाय गार पडतात, तळवे पांढुरके होतात, ती पाय ओढत चालते. तसं काही असतं तर ते त्याच रात्री दिसलं असतं, तरी हात लावून खात्री करा.

अजून एक, आणि हे सगळ्यांसाठी. घरातली क्रोसिन किंवा तिकडची टायलेनॉल मांजराला अर्धी, पाव, चिमूटभरसुद्धा द्यायची नाही. पॅरासिटामॉल पचवायची व्यवस्थाच मांजराच्या यकृतात नाही. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. दाराखालून सुखरूप सुटलेलं मांजर मायेने दिलेल्या गोळीने गेलेलं मी पाहिलं आहे. त्या घरातल्या आजींचा चेहरा अजून आठवतो.

दबलेल्या मांजराला उचलताना कडेवर घेऊ नका. सपाट पुठ्ठ्यावर किंवा ट्रेवर सरकवा आणि वरून टॉवेल टाका. अंधार झाला की ते शांत होतं. चावलं तर रागावू नका, दुखतं म्हणून चावतं.

---

धायरीचा_दादा (पुणे)

आमच्याकडे मोटरचं दार नाही, साधं रोलिंग शटर आहे. पण ताईंचं वाचून राहवलं नाही.

बंगल्याखाली आमचं एक गाळ्यासारखं गराज आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत, ऐन पावसात, शटर चार-पाच दिवस वर गुंडाळलेलंच होतं. गाडी गॅरेजला दिली होती, खाली फक्त सायकली. गाडी परत आल्यावर मी शटर खाली ओढलं तर मध्येच अडकलं. गंजलं असेल म्हणून जोर लावणार, तेवढ्यात वरून बारीक आवाज आला. भटक्या मांजरीने वरच्या पेटीत, शटरच्या गुंडाळीवर पिल्लं घातली होती. तीन होती. शिडी लावून, हातात जाड फडकं गुंडाळून एकेक काढलं. मी आणखी जोर लावला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. खोक्यात ठेवून ते जिन्याखाली सरकवलं, त्यांची आई येऊन एकेकाला उचलून घेऊन गेली.

तेव्हापासून शटरला हात घालण्याआधी तळहाताने दोनदा जोरात थाप मारायची आणि दहा आकडे मोजायचे, हा घरातल्या सगळ्यांचा नियम आहे. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवरही थाप मारायची. थंडीत आणि पावसात पिल्लं गरम इंजिनापाशी जाऊन बसतात.

सोसायट्यांमधून मोटरची सरकती गेट बसायला लागली आहेत त्याचीही मला काळजी वाटते. आमच्या शेजारच्या सोसायटीत गेट बसवताना मिस्त्रीने विचारलं, "सेन्सर लावायचा का? वेगळे पैसे पडतील." समितीने नको म्हटलं. रात्री त्या गेटच्या रुळावर कुत्री झोपतात. आता वॉचमन आधी काठी आपटतो आणि मग बटण दाबतो. नाना, एडिसनला बसून तुम्ही जो नियम सांगितलात, तो इथे वॉचमनच्या चांगुलपणावर चालला आहे.

---

कॅरीकर_सोनाली (नॉर्थ कॅरोलिना)

आमचा डॅक्सहुंड कुत्रा आहे, मिनिएचर, अकरा पौंडांचा. तो उभा राहिला तरी त्याची पाठ जेमतेम किरणाला लागते. दोन गोष्टी सांगते.

एक म्हणजे ठराविक मिनिटांनी दार आपोआप बंद व्हायची सोय. आमच्या नव्या मोटरला ती होती, फोनवरूनही दार बंद करता येतं. बंद होण्याआधी दिवे लुकलुकतात, बीप वाजतो. माणसाला ती सूचना कळते. आमचा बंड्या मात्र बीप वाजला की काय वाजतंय ते बघायला दाराकडे धावायचा! आम्ही ती सोय बंद केली. फोनवरून दार बंद करायचं ते फक्त घरात कोणीतरी "बंड्या माझ्यापाशी आहे" असं सांगितल्यावरच.

दुसरं, दार उघडतानाही धोका असतो. वर जाणाऱ्या दाराच्या फटीतून तो सुसाट बाहेर पडायचा, आणि शेजारीण नेमकी तेव्हाच गाडी मागे घेत असायची. स्वयंपाकघरातून गराजमध्ये उतरतो तिथे आम्ही लहान मुलांसाठीचं फाटक लावलं. आधी फाटक बंद, मग गराजचं दार. हा क्रम माझी सहा वर्षांची मुलगी आमच्यापेक्षा कडक पाळते.

मांजरवाल्यांसाठी एक. आधी आमच्याकडे मांजर होती, ती फळीवरून उघड्या दाराच्या पाठीवर उडी मारून छतापाशी झोपायची. दार बंद व्हायला लागलं की ती दाराबरोबर पुढे सरकायची, वरच्या चौकटीच्या दिशेने. तिथे ना सेन्सर असतो ना आपलं लक्ष. एकदा तिची शेपूट दिसली म्हणून कळलं. दाराजवळच्या उंच फळ्या आम्ही दुसऱ्या दिवशी काढून टाकल्या.

---

ठमीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि आधी लिटर बॉक्स उपसला. शुक्रवारी एकच गोळा, शनिवारी तीन. शेपूट उचलते, पण पूर्वीसारखी सरळ ताठ नाही. तळवे चारही गरम आहेत. झोपेतला श्वास आई मोजते. तिला घड्याळ बघून नाडी मोजायची सवय आहे, ती वाईच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. रात्री चोवीस, पहाटे बावीस. सोमवारी इथल्या व्हेटला शेपटीचं मुद्दाम दाखवून आले. नसेला थोडा ताण आहे, भरून येईल म्हणाल्या. टायलेनॉलचं वाचून हातपाय गार पडले, कारण गुरुवारी रात्री माझ्या मनात ते येऊन गेलं होतं.

नाना, शनिवारी सकाळी तुम्ही सांगितलं तसं लाकूड ठेवलं. दार खाली आलं, लाकडाला टेकलं आणि थांबलंच नाही. वरचा रूळ धनुष्यासारखा वाकला, मोटर कण्हत राहिली आणि मग तिथेच बंद पडली. उलटी फिरलीच नाही. लाकडावर पट्टीचा वळ उमटला होता. आम्ही दोघं नवरा-बायको त्या लाकडाकडे बघत उभे राहिलो. आई म्हणाली, "म्हणजे तू बोट उचललं नसतंस तर…" आणि पुढे बोललीच नाही.

सेन्सरची उंचीही मोजली. साडेनऊ इंच! खाली स्क्रूची जुनी भोकं दिसतात, म्हणजे आमच्या आधी कुणीतरी ते वर सरकवले. अ‍ॅलीतून पालापाचोळा उडून येतो, त्याने अडत असतील म्हणून कदाचित.

मग ते दार वापरणंच बंद केलं. आठवडाभर गाडी बाहेर आणि आम्ही पुढच्या दाराने.

---

एडिसनचे_नाना

ताई, जुन्या मोटरवर जोर कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. पण १९९८ ची मोटर, वाकलेला रूळ आणि न उलटणारं दार असेल तर स्क्रूशी खेळू नका, मोटर बदला. माणूस येईल तेव्हा दोन गोष्टी त्याच्याकडून समोर करून घ्या. लाल दोरी ओढून दार हाताने अर्ध्यावर नेऊन सोडायला सांगा. ते तिथेच तरंगलं पाहिजे. खाली घसरलं तर स्प्रिंग थकली आहे, आणि थकलेल्या स्प्रिंगवर नवी मोटर लावली तर पुन्हा जास्तीचा जोर लावावा लागतो. मग लाकडाची तपासणी त्याच्यासमोरच करा.

मांजरासाठी आणखी सुरक्षा हवी असेल तर दाराच्या खालच्या कडेला बसणारी दाबपट्टी मिळते. पूर्ण रुंदीत कुठेही हलकासा दाब आला की ती मोटरला कळवते. जोरावर अवलंबून राहण्यापेक्षा हे बरंच हळुवार. मात्र ती तुमच्या मोटरशी जुळणारीच हवी.

---

ठमीची_आई

दहा दिवसांनी लिहिते आहे, काय काय केलं ते सांगायला.

नवी मोटर बसली. दार अर्ध्यावर सोडल्यावर घसरून खाली आलं, तेव्हा स्प्रिंगही बदलावी लागली. हे नाना, तुम्ही सांगितलं नसतंत तर त्या माणसाने आपण होऊन पाहिलं नसतं. लाकडाची तपासणी मी तीनदा करून घेतली, मधोमध आणि दोन्ही टोकांना. टेकताच वर. तो जरा कंटाळला, पण मी हटले नाही.

सेन्सर आता पाच इंचांवर आहेत, पाहणाऱ्या डोळ्यावर काळी टोपी आहे. रोज सव्वासहाला हिरवा दिवा बघते, अजून एकदाही विझलेला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी बटण होतं तिथून उंबरठा दिसावा म्हणून समोरच्या भिंतीवर गोल फुगीर आरसा लावला, वळणाच्या रस्त्यावर असतो तसा. गाडीच्या पलीकडचं काँक्रीट त्यात पूर्ण दिसतं. दार जमिनीला टेकेपर्यंत मी आता तिथून हलत नाही. पिशव्या खाली ठेवते, आरशात बघते आणि मग आत जाते. नवऱ्याला अ‍ॅलीच्या वळणावरून रिमोट दाबून निघून जायची सवय होती, ती त्याने सोडली.

पण खरा बंदोबस्त आईने केला आहे. पावणेसहाला ती ठमीच्या खाऊचा पत्र्याचा डबा वाजवते. दोन दिवसांत ठमीला वेळ कळली. आता साडेपाचलाच स्वयंपाकघरात येऊन बसते. मी येईपर्यंत मधलं दार बंद. उंबरठ्याची ऊब जाऊ नये म्हणून आईने खिडकीखाली जुनी गोधडी चौघडी करून टाकली आहे. तिथे मावळतीचं तेच ऊन येतं.

काल ठमी ओट्यावर चढली. दोन प्रयत्नांत, पण चढली. आईने तिला खाली उतरवलं नाही, मीही काही बोलले नाही.

दादा, तुमच्या शेजारच्या सोसायटीला पाठवायला मी आमच्या लाकडाचा आणि वळाचा फोटो काढून ठेवला आहे, निरोपातून देते. नाना, दाबपट्टी घ्यायची ठरवली आहे. मोटरचा मॉडेल नंबर तुम्हाला पाठवला आहे, जुळणारी कोणती ते सांगा. आई २८ नोव्हेंबरला परत जाते, त्याआधी बसवायची आहे.